अजून थोडा वेळ देऊ का?

…आणि वर दोष कुणाला, तर मला. म्हणजे तसं कुणी तोंडावर म्हणालेलं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर काही म्हणतच नाही, आणि भीती आहे ती त्याचीच. एखाद्याने येऊन टेबलावर मूठ आपटली असती, "ऑरिन, तुझ्यामुळे आज सगळं ऑफिस बसलं" असं सुनावलं असतं, तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि रात्री शांत झोपलो असतो. पण नाही. हे लोक हसतात. तुमच्यासाठी दार उघडून धरतात. "आज जरा गारठाच आहे, नाही?" म्हणतात. बाहेर पापण्यांवर बर्फ धरत असतो आणि हे म्हणतात जरा गारठा. मग तुम्ही आत जाता, दार मागे बंद होतं, आणि बंद झाल्यावर ते काय बोलले हे तुम्हाला मरेपर्यंत कळत नाही. उत्तर मिनेसोटात जन्म गेला माझा, मीही त्यांच्यातलाच, मीही दार उघडून धरतो, आणि तरी समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज मला कधी लागत नाही. आणि तुम्हाला सांगतो, मी संख्याशास्त्राचा डॉक्टर आहे. अंदाज बांधणं हा माझा धंदा होता.

आता यात माझी चूक आहे का? असेल. असेलही.

मुळापासूनच सांगतो. विद्यापीठातून निवृत्त झालो आणि घरी बसलो. घरी आर्डिस, माझी बायको. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलेलं, दिवसाआड शहरातल्या इस्पितळात जाऊन रक्त स्वच्छ करून आणावं लागतं. डायलिसिस. ती त्याबद्दल काय म्हणते? "बरं चाललंय." मी मात्र तिच्याकडे बघत बसायचो. ती पेपर वाचत असली तरी बघायचो. पान उलटायला जरा वेळ लागला की उठून जवळ जायचो. शेवटी एक दिवस पेपर खाली ठेवून म्हणाली, "ऑरिन, तू कुठेतरी नोकरी धर. तू असा बघतोस ना, मलाच वाटायला लागतं की मी गेलेय आणि मला कुणी सांगितलं नाही."

म्हणून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात अर्धवेळ लागलो. रस्ते खातं म्हणजे आमच्याकडे खरं तर बर्फ खातं. कुठल्या रस्त्यावरचा बर्फ काढला, तो वितळायला कुठे मीठ टाकलं, कुठल्या ट्रकचं बर्फ ढकलायचं पातं मोडलं. या सगळ्याचे रिपोर्ट तळघरातला एक सर्व्हर काढून देतो. तुम्ही तुमच्या टेबलावरून त्याला विचारायचं, तो शोधतो, जुळवतो, देतो. गरीब बिचारा सर्व्हर. पण त्याच्याकडे बसायच्या जागा मोजक्या. समजा, गावातलं छोटं कॉफीचं दुकान आहे. तुम्ही रिपोर्ट उघडलात की एक खुर्ची तुमची. त्या तुमच्या बसण्याला म्हणतात सेशन. काम झालं की उठायचं, दुसऱ्याला बसू द्यायचं. साधी गोष्ट आहे. पण उठणार कोण?

आमच्याकडे कुणी उठतं का हो? तुम्ही आमच्याकडचा निरोप बघितलाय का कधी? पाहुणा गुडघ्यांवर दोन्ही हात मारून म्हणतो, "बरं, निघायला हवं." याचा अर्थ निघायला अजून दीड तास आहे. मग दाराशी उभं राहून गप्पा. मग अंगणात गप्पा. मग तो गाडीत बसतो, काच खाली करतो, आणि तुम्ही उणे तापमानात चपला घालून त्याच्या मेहुण्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऐकत उभे. तीच माणसं ऑफिसात. रिपोर्ट बघून झाला, आता बंद करायचा, पण असू दे, लागला तर. मग कॉफी. मग जेवण. मग हरणांच्या शिकारीचा हंगाम. तुम्हाला सांगतो, नोव्हेंबरात आमचं अख्खं ऑफिस जंगलात झाडांवर बसलेलं असतं आणि त्यांचे रिपोर्ट इथे उघडेच. सर्व्हरच्या खुर्च्यांवर कोण? कुणीच नाही. नुसते कोट लटकवलेले. आणि खरा माणूस आला की त्याला उत्तर येतं, जागा नाही.

तर रेने हाल्वर्सन माझ्याकडे आली. ही आमची खातेप्रमुख, माझ्या मुलीच्या वयाची, चांगली बाई. दारातच उभी राहिली. आत येत नाही कधी. "ऑरिन, तुम्ही कामात असाल."

"नाही, नाही."

"नाही म्हणजे, असलात तर राहू दे."

"नाही, बोला ना."

"तसं काही विशेष नाही. त्या सर्व्हरवर जे लोक नुसते बसून राहतात… त्यांचं आपोआप काही करता आलं तर. म्हणजे तुम्हाला त्रास नसेल तर. नाहीतर चाललंय तसं चाललंय."

आता हा हुकूम होता की गप्पा, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी घाबरलो आणि कामाला लागलो.

काम अवघड नाही. सर्व्हरला सांगायचं, बाबा रे, दर थोड्या वेळाने खुर्च्यांवर नजर टाक, जो बराच वेळ हललेला नाही त्याला उठव. पण या धंद्यातली भाषा तुम्हाला माहीत नाही. उठव म्हणायची सोय नाही. तिथे शब्द आहे ठार. सेशन ठार करा. पुढे त्या माणसाचा नंबर घालायचा. मी पहिल्या दिवशी तो शब्द टाइप केला आणि लगेच खोडला. आयुष्यभर चर्चच्या तळघरात कॉफी वाटलेला माणूस मी, उंदराच्या सापळ्यात उंदीर सापडला तर आर्डिसला हाक मारतो. मी कुणाला ठार करू? आणि कुणाला, तर जो बराच वेळ हलला नाही त्याला. मी स्वतः किती वेळ हलत नाही? विचार करायला लागलो की मी पुतळा. आर्डिस इस्पितळातल्या खुर्चीत किती वेळ हलत नाही? हलत नाही म्हणजे काम करत नाही, असं कुठे आहे? रात्री मला स्वप्न पडलं की कुणीतरी माझ्या नंबरापुढे तो शब्द लिहितोय. फार सुंदर अक्षर होतं.

म्हणून मी त्यात एक माणुसकीची पायरी घातली. आधी विचारायचं. पडद्यावर छोटी चौकट येईल, त्यात लिहिलेलं असेल: अजून थोडा वेळ देऊ का? खाली दोन बटणं. एक, हो. एक, नको. हो म्हणालात तर बसा खुशाल. नको म्हणालात, किंवा थोड्या वेळात काहीच दाबलं नाहीत, तर सेशन साफ, आणि त्यातलं अर्धवट कामही साफ. आणि मी प्रामाणिक माणूस, म्हणून त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली: इतर लोक जागेची वाट पाहत आहेत.

ती ओळ घातली नसती तर… पण घातली. चूक झाली का? असेल. असेलही.

सुरू केलं आणि तुम्हाला सांगतो, पहिले काही तास मी आयुष्यात प्रथमच स्वतःवर खूश होतो. माझ्या पडद्यावर सगळ्या खुर्च्या दिसतात. एकेक रिकामी होत होती. टप, टप, टप. सोमवारी सकाळचं चर्च जसं मोकळं असतं तसा सर्व्हर मोकळा. मी मनात म्हटलं, ऑरिन, सत्तरी उलटल्यावर का होईना, एक गोष्ट जमली तुला.

आणि दिवस कुठला होता? संध्याकाळपासून वादळ येणार होतं तो. सरोवरावरून येणारं. रेडिओवरच्या माणसाचा आवाजसुद्धा बदललेला. अशा दिवशी ऑफिसात एकच रिपोर्ट महत्त्वाचा, कुठला रस्ता आधी. त्यात शाळा कुठे, अँब्युलन्स कुठून निघेल, दुधाचे ट्रक कुठून जातात, आणि इस्पितळाने कळवलेलं, की कुठल्या रस्त्यावर असा कुणी राहतो ज्याला उद्या यावंच लागेल. नावं नसतात, नुसते रस्ते. एवढं सगळं गोळा व्हायला तो रिपोर्ट तासन्‌तास घेतो. इकडून माहिती येईपर्यंत थांबतो, तिकडून येईपर्यंत थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं झोपलाय.

आणि तो रिपोर्ट ट्रक सुटायच्या आत आला नाही तर? तर चालक जुन्या क्रमाने जातात. जुन्या क्रमात सरोवराकाठचा रस्ता सगळ्यात शेवटी, कारण तेव्हा तिथे फक्त उन्हाळ्यात येणारे लोक राहायचे. आता तिथे बारा महिने कोण राहतं? आम्ही राहतो. आणि आर्डिसचं डायलिसिस कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं होतं का? कसं सांगणार? स्वतःचा रस्ता आधी करा म्हणून सांगायचं? आमच्याकडे परातीतला शेवटचा केकचा तुकडा कुणी घेत नाही. अर्धा कापतात. मग अर्ध्याचा अर्धा. संध्याकाळी परातीत मुंगीला पुरेल एवढा तुकडा उरतो आणि सगळे त्याच्याकडे न बघता कोट घालतात. अशा गावात मी म्हणू, माझा रस्ता आधी?

दुपार झाली आणि रेने परत दारात. "ऑरिन, कामात असाल."

"नाही, नाही."

"तुमचा तो नवीन प्रकार…" थांबली. खिडकीबाहेर बघितलं. "वेगळाच आहे."

आणि गेली.

 तुम्हाला कल्पना नाही या शब्दाची. आमच्याकडे "वाईट नाही" म्हणजे उत्तम. "याहून वाईट असतं" म्हणजे नाचायची वेळ. पण "वेगळं आहे"? माझ्या मावशीच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला एका बाईने हिरव्या जेलीत टूना मासा घालून आणला होता. त्याला आमच्या पाद्र्यांनी म्हटलं होतं, वेगळं आहे. ती बाई पुढे गाव सोडून गेली.

मी धावत खाली गॅरेजमध्ये ड्वेन माकीकडे. हा बर्फ काढणाऱ्या ट्रकांचा मुकादम, दारातून तिरका होऊन आत येतो एवढा मोठा माणूस. कॉम्प्युटरसमोर मांडीवर हात ठेवून बसला होता. चर्चमध्ये बसतात तसा.

"काय ड्वेन, कसं काय?"

"चाललंय, डॉक्टर."

"रिपोर्ट मिळाला?"

"मिळेल."

"म्हणजे मिळाला नाही."

"तसा अजून नाही."

"ड्वेन, कधी लावलास?"

"सकाळी लावला की. मग गेला. मग परत लावला. परत गेला." जरा विचार केला त्याने. "मग परत लावला."

"गेला म्हणजे कसा गेला? तुला विचारलं नाही का त्याने, अजून वेळ देऊ का म्हणून?"

"विचारलं ना. फार सभ्यपणे विचारतो हो. मी बायकोलाही सांगितलं."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, नको."

"अरे, नको का म्हणालास?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी विचारलं होतं की तू पँट का घालतोस. "एकदाच विचारलं ना, डॉक्टर."

तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यातून वीज गेली. एकदाच विचारलं. अहो, एकदा विचारल्यावर हो कोण म्हणतं? तुमच्या घरी गेलो, तुम्ही म्हणालात कॉफी घेणार? मी म्हणणार, नको, कशाला त्रास. तुम्ही म्हणणार, अहो केलेलीच आहे. मी म्हणणार, नको, खरंच. तुम्ही म्हणणार, घ्या हो अर्धा कप. मग मी म्हणणार, बरं, आता इतकं म्हणता तर. पहिलं नको ही सभ्यता. दुसरं नको ही खात्री. तिसऱ्यांदा खरं उत्तर. हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं. आणि मी, चार विद्यापीठांत शिकवलेला माणूस, याच मातीतला, मी त्या यंत्राला शिकवलं काय? एकदा विचार, आणि नको म्हटलं की ठार कर.

त्यात पुन्हा ती बारीक अक्षरातली ओळ. इतर लोक वाट पाहत आहेत. "मग तर बसवेचना," ड्वेन म्हणाला. "कोण कुठला बिचारा उभा असेल."

अख्खं ऑफिस, तुम्हाला सांगतो. लेखा विभागातली ती, पुलांचा हिशोब बघणारा तो, सगळे सकाळपासून नको, नको म्हणत स्वतःचं काम स्वतःच्या हाताने बंद करत होते. आणि कुणी तक्रार केली? कुणी नाही. सर्व्हर रिकामा. सगळे एकमेकांसाठी जागा सोडून उभे. आणि बाहेर आभाळ शिशाच्या रंगाचं झालेलं.

मी वर धावलो. म्हटलं, आधी हे बंद करू. ते बंद करायला मला सर्व्हरवर बसावं लागणार. बसलो. माझंच लिखाण समोर उघडलं. आता कुठली ओळ बदलू? ही बदलली तर ती बिघडेल का? ही काढली तर कुणीच उठणार नाही, पुन्हा जागा नाही, पुन्हा ड्वेनचा रिपोर्ट अडला… तुम्हाला माहितेय मी विचार करायला लागलो की कसा होतो. पुतळा. आणि इतक्यात समोर चौकट. अजून थोडा वेळ देऊ का?

मीच लिहिलेली चौकट. मला माहीत आहे काय होणार. मला सगळं माहीत आहे. आणि माझा हात, हा उजवा हात, माझ्या डोक्याला न विचारता पुढे गेला आणि त्याने दाबलं, नको.

साफ.

मी हाताकडे बघत बसलो. मग शिरलो परत. म्हटलं, या खेपेला हातावर विश्वास नाही. बाहेर जाताना घालायचे जाड चामड्याचे हातमोजे चढवले. म्हणजे दाबताच येणार नाही. दाबता आलं नाही. पण टाइपही करता येईना. चौकट आली, मी मोजे काढेपर्यंत वेळ संपला, पुन्हा साफ. तेवढ्यात फोन. आर्डिस.

"ऑरिन, इकडे सुरू झालंय. समोरचं पोस्टाचं डबडं दिसेनासं झालं. सकाळी रस्ता होईल ना?"

"होईल."

"तुझा 'होईल' मी ओळखते. काय झालं?"

मग मी सगळं सांगितलं. दम लागेपर्यंत. ती ऐकत होती. तिचं एक आहे, ती ऐकताना मधे "हं" सुद्धा म्हणत नाही, त्यामुळे मी दोनदा विचारलं, "आहेस ना?"

"आहे. ऑरिन, त्याने विचारलं की हो म्हणायचं. त्यात काय?"

"माझ्या हातून होत नाही, आर्डिस."

"माझ्याशी लग्न करायला बरं हो म्हणालास."

"तेव्हा तू तीनदा विचारलं होतंस."

फोनमधून वारा ऐकू येत होता. मग म्हणाली, "मग त्यालाही तीनदा विचारायला लाव."

काय सांगू तुम्हाला. एवढी शिकलेली माणसं आम्ही, आणि… जाऊ दे. मला आधी का सुचलं नाही? ही चूक माझीच. असेल. असेलही.

डावा हात उजव्या हातावर घट्ट धरून, एका बोटाने, मी लिहिलं. पहिल्यांदा विचार: अजून थोडा वेळ देऊ का? नको म्हणाले तर गप्प बस, काही करू नकोस. मग विचार: खरंच नको? संकोच करू नका. नको म्हणाले तर पुन्हा गप्प बस. मग तिसऱ्यांदा: अहो घ्या की, कुणाचं काही अडलेलं नाही. आणि तेव्हा जे म्हणतील ते खरं. इतर लोक वाट पाहत आहेत, ही ओळ खोडली. खोटं बोललो का मी? कुणीतरी वाट बघतच असणार. पण म्हटलं, आजच्या दिवस देव समजून घेईल.

खाली गेलो. ड्वेनने रिपोर्ट पुन्हा लावला होता. मी त्याच्या मागे उभा, कोट घालून, कारण थरथर थंडीची आहे असं वाटायला हवं. चौकट आली. ड्वेनने दाबलं, नको.  रिपोर्ट चालूच. दुसरी आली. ड्वेन वाचून जरा हसला. "नको." रिपोर्ट चालू. बाहेर अंधारून आलं, चालक आत येऊन बूट झटकायला लागले, एकाने दुसऱ्याला म्हटलं, "निघायचं का जुन्या क्रमाने?" आणि दुसरा म्हणाला, "थांबू अजून जरा, घाई काय." आमच्याकडे "घाई काय" म्हणजे निघालोच. आणि मग तिसरी चौकट. अहो घ्या की.

ड्वेन मागे रेलून बसला. हनुवटी खाजवली. "आता इतकं म्हणतोय तर," म्हणाला, आणि दाबलं, हो.

तुम्हाला सांगतो, मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मी खांद्यावर बोट ठेवलं. आमच्याकडे तेवढं म्हणजे फार झालं.

रिपोर्ट आला. रेने खाली उतरली, तिने तो मोठ्याने वाचायला घेतला. आणि पहिलाच रस्ता कुठला? सरोवराकाठचा. माझा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे बघितलं नाही कुणी. सगळ्यांनी एकदम जमिनीकडे बघितलं. माझे कान तापले. रेने म्हणाली, "हा रस्ता लांब आहे. एक ट्रक त्यातच अडकेल. ऑरिन, तुमचाच रस्ता ना? थोडा खाली घेतला तर चालेल? काही अडचण नाही ना?"

आणि माझं तोंड, हातासारखंच, मला न विचारता म्हणालं, "छे, छे. अडचण कसली."

का म्हणालो? का म्हणतो माणूस असं? आत कुणीतरी ओरडत होतं, आर्डिस, आर्डिस, आणि बाहेर मी हसत होतो.

रेनेने पेन्सिल टेकवली. उचलली. "नाही म्हणजे, असेल तर सांगा."

"नाही हो. लोकांचं आधी होऊ दे."

पेन्सिल खाली आली. कागदाला लागली.  वाटलं, झालं. दोनदा नको म्हणालास, ऑरिन. आता हिने एवढंच म्हणायचं, बरं तर. पण ती बाई थांबली. देव तिचं भलं करो, तिची आजी आमच्याच चर्चमध्ये पियानो वाजवायची. तिने पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "ऑरिन. खरंच काही नाही?"

"आर्डिसचं उद्या सकाळी डायलिसिस आहे," मी म्हणालो.

हे त्या ऑफिसात मी पहिल्यांदा बोललो. माझाच आवाज मला वेगळा वाटला.  ड्वेनने टोपी डोक्यावर चढवली, कानपट्ट्या खाली ओढल्या. "वरच राहू दे," तो म्हणाला. "मीच जातो." आणि गेला.

मी त्याचे आभारसुद्धा धड मानले नाहीत. मानले असते तर त्याला नको, नको म्हणावं लागलं असतं.

सकाळी रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती, मधे काळी स्वच्छ पट्टी. आर्डिस गाडीत बसली, सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. "किती सरळ काढलाय," एवढंच म्हणाली. मी चाक इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं उघडेनात. पण पोहोचलो. वेळेत पोहोचलो. तिला खुर्चीत बसवलं, नळ्या लावल्या, यंत्र सुरू झालं, लाल रंग एकीकडून जायला लागला, दुसरीकडून यायला लागला. मी बघत होतो. ती म्हणाली, "बघू नकोस असा." मी भिंतीकडे बघायला लागलो.

वादळामुळे गर्दी. नातेवाइकांच्या सगळ्या खुर्च्या कुठेकुठे नेलेल्या. एक नवीन नर्स होती, चटपटीत, पायाला चाकं असल्यासारखी. मला उभा बघून थांबली. "काका, बसायला खुर्ची आणून देऊ?"

"नको, नको," मी म्हटलं. "मी ठीक आहे."

"बरं," म्हणाली आणि गेली.

मी वाट बघितली. वाट बघितली. पाठ दुखायला लागली. ती दोनदा समोरून गेली, हसली, गेली. आर्डिसने डोळे मिटूनच विचारलं, "बसत का नाहीस तू?"

"विचारेल ती परत," मी म्हटलं.

"ती न्यू जर्सीची आहे, ऑरिन. तिकडे एकदाच विचारतात."

उभाच राहिलो मग. तिचं सगळं रक्त स्वच्छ होईपर्यंत.